दुखणं फाईलवर लिहून घ्या

माझ्या सासूबाईंना गालाचा कॅन्सर झाला. तरुणपणापासून मिश्री लावायची सवय. आधी ऑपरेशन, मग लाईट, पुढे किमो. प्रत्येक खेपेला फाईलमध्ये गाठीचं माप चढायचं, पण "दुखतंय किती?" असं कुणी विचारलं नाही. त्या स्वतःहून सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायच्या. पेजही गिळवेना, वजन उतरलं आणि त्यापायीच किमोची तारीख पुढे ढकलावी लागली.

पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या, ओपीडीची चिठ्ठी मिळाली ती "आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही" या वाक्यासोबत. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या किमोलाच आणायचं होतं यांना." म्हणजे अशी सोय होती, फक्त आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं!

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह डॉक्टर भेटत गेलेल्यांना नैराश्य कमी आलं, अखेरच्या दिवसांत त्यांची ओढाताणही कमी झाली आणि साधारण पावणेतीन महिने आयुष्य जास्त मिळालं. सगळ्याच कॅन्सरांत असं होईल असं नाही. पण हा विभाग म्हणजे हात टेकणं, हा समज सोडायला एवढं पुरे.

मॉर्फिनचं नाव निघताच दीर उखडले, "आईला व्यसन लावताय?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की दुखण्यापुरतं, मापात आणि देखरेखीखाली दिलं तर ती भीती फार थोडी. गोळी दर चार तासांनी, दुखो न दुखो. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. डोस ज्याचा त्याचा वेगळा. जोडीला पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. हे विसरलात तर मॉर्फिनने असा मलावरोध होतो की माणूस गोळीच नाकारतो. गालाच्या जखमेला वास यायचा, तिच्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकायला शिकवलं. वास ओसरला तशी नातवंडं पुन्हा पलंगावर चढू लागली. एवढ्या स्वस्त गोळीसाठी आम्ही इतके महिने थांबलो होतो!

म्हणून निदान होताच विचारा, "इथे पॅलिएटिव्ह केअर आहे का? नसेल तर कुठे पाठवाल?" दुखणं दहापैकी किती, झोप किती, पोटात काय गेलं, हे वहीत मांडा आणि डॉक्टरांसमोर वही उघडा. पेशंट "बरंय" म्हणेल. त्यावर जाऊ नका. टाटासारख्या मोठ्या ठिकाणी घरी येणारं पथकही असतं, त्याची चौकशी करा.

गावी नेणार असाल तर आधी मॉर्फिनचा बंदोबस्त करा. २०१४ च्या कायदादुरुस्तीने नियम सैल झाले, तरी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. पुरेसा साठा आणि गावच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी घेऊनच निघा. गोळी संपली म्हणून एकदम बंद करू नका; त्याआधी फोन करा.