आरोग्य-पाठ : ॲलर्जीवर सुया – फायदा किती, मर्यादा कुठे?

॥ श्री गुरवे नमः ॥



दिवाळीच्या आधी आपल्या परिवाराच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला होता, आठवतो का? "सहा वेळा ॲक्युपंक्चर केलं, शिंका बंद झाल्या, आता एकही औषध घेत नाही." तो मेसेज आपल्याच सुलतान बाजारच्या सत्संगातल्या एका काकूंचा होता. पुढे पाठवणाऱ्यांत मी पण होते. एक नाही, तीन ग्रुपवर टाकला.

पुढे काय झालं ते काकूंनीच सांगायला सांगितलंय. फक्त नाव नको म्हणाल्या.

काकूंना नाकाची ॲलर्जी आहे आणि दमाही आहे. सुयांनी नाक मोकळं झालं, रात्री झोप लागायला लागली, हे अगदी खरं. त्या आनंदात त्यांनी शिंकांच्या गोळीबरोबर दम्याचा रोजचा पंपही बंद केला. दोन-तीन आठवडे काही झालं नाही, म्हणून विश्वास आणखी वाढला. मग घरात दिवाळीची साफसफाई निघाली. माळ्यावरची धूळ उडाली आणि रात्री दोन वाजता काकूंना श्वास घेता येईना. पुतण्याने दवाखान्यात नेलं, दोन दिवस ऑक्सिजन लागला. गुरुकृपेने आज त्या बऱ्या आहेत आणि पंपही पुन्हा सुरू आहे.

मग सुया खोट्या का? नाही. चूक सुयांची नव्हती. सुयांकडून आपण जी अपेक्षा केली ती चूक होती. म्हणून आजचा पाठ.

*१. ॲलर्जी म्हणजे काय?*

धूळ, परागकण, गादीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, या गोष्टी बहुतेकांना काही करत नाहीत. काहींचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजतं. नाकाच्या आतल्या त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्यानेच खाज, पाणी, शिंका. हीच सूज फुफ्फुसांच्या नळ्यांमध्ये आली की दमा. नाक आणि छाती हा एकच रस्ता आहे, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे कारणांना तोटा नाही. कोठीच्या बसचा धूर आहे, बडी चावडीच्या गर्दीतली धूळ आहे, जुन्या पुस्तकांचे ढीग आहेत. त्यात पावसाळ्यानंतर मोकळ्या जागेत माजणारं गाजर गवत. हे गवत आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात लक्षात आलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. त्याच्या परागकणांनी अनेकांची नाकं वाहतात.

*२. ही विद्या आपल्याकडे कशी आली?*

ॲक्युपंक्चर मूळचं चीनचं. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच देह ठेवला. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, सुयांचे वैद्य नव्हते. पण त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात रुग्णांना देऊ लागले. २०१९ साली केंद्र सरकारने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदाच आहे.

*३. फायदा खरंच होतो का?*

होतो, पण थोडा आणि काही काळ. जर्मनीत परागकणांची ॲलर्जी असलेल्या ४२२ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. एका गटाला योग्य बिंदूंवर सुया दिल्या. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला सुया नाहीतच. शिंकांची गोळी लागेल तशी घ्यायची मुभा तिघांनाही होती. ८ आठवड्यांत १२ वेळा सुया झाल्यावर पहिल्या गटाला जास्त आराम होता, गोळ्याही कमी लागल्या. पण १६ आठवड्यांनी पाहिलं तर तिन्ही गटांत फरक उरला नव्हता.

यातून दोन गोष्टी कळतात. सुयांनी त्रास हलका होतो, ॲलर्जी मुळातून जात नाही. आणि हा अभ्यास नाकाच्या ॲलर्जीचा होता, दम्याचा नव्हता.

*४. पंप का सोडायचा नाही?*

दम्याचा रोजचा पंप नळ्यांची सूज दाबून ठेवतो. तो बंद केला की दुसऱ्या दिवशी काही कळत नाही. सूज हळूहळू, कधी कधी काही आठवड्यांनी परत येते. म्हणूनच काकूंना वाटलं की सगळं ठीक आहे. पंप कमी करायचा की बंद, हे डॉक्टरांनी छाती तपासून ठरवायचं. आपण नाही, सुया देणाऱ्यानेही नाही आणि ग्रुपने तर नाहीच.

*५. सुया घ्यायला जाताना*

• आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या कोठीत या कामाचं सरकारी रुग्णालयच आहे.
• शिकलेला, नोंदणी असलेला माणूस बघा. सुई नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. वापरलेल्या सुईने कावीळ (हिपॅटायटिस बी) होऊ शकते.
• रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, पेसमेकर असेल तर आधीच सांगा.
• उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते.
• "सगळी औषधं बंद करा" असं कोणी म्हणालं, तर नमस्कार करून उठून या.

*६. घरी काय करता येईल?*

नाकपुडीच्या दोन्ही बाजूंना, हसल्यावर जिथे घडी पडते तिथे, बोटाने एक-दोन मिनिटं हलकं दाबावं. अपाय नाही, काहींना बरं वाटतं. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून थंड केलेलंच घ्यावं, थेट नळाचं नको. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत. साफसफाई करताना नाकातोंडावर ओला रुमाल किंवा मास्क हवाच. घरात दमेकरी असेल तर त्याला तेवढा वेळ बाहेर पाठवा.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, जीभ-ओठ सुजत असतील तर बिंदू दाबत बसू नका. लगेच १०८.

मंडळी, श्वासाचा त्रास असलेला माणूस काय वाटेल ते करायला तयार होतो. मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या नुमाइश मैदानावरची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशा माणसापर्यंत आपला एक मेसेज गेला की तो त्यावर विसंबतो. मी तो विचार केला नव्हता. ज्या तीन ग्रुपवर जुना मेसेज टाकला होता, त्या तिन्हींवर आज हा पाठ टाकते आहे.

*या आठवड्याचा अभ्यास :* घरात कोणाकडे पंप आहे? तो रोज घेतला जातो का, तारीख संपलेली नाही ना, हे प्रत्येकाने आजच बघावं. आणि जुना मेसेज तुम्हीही पुढे पाठवला असेल, तर तिथे हा पाठ नक्की पाठवा.

आपली एक गुरुभगिनी,
सुलतान बाजार, हैदराबाद