ठेंगणा पट्टेरी बांबू

प्रस्तावना

बांबू म्हटले की कोकणातील माणग्याचे बेट किंवा आकाशात उंच गेलेला काटेरी कळक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु गुडघ्याएवढा वाढणारा, पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा बांबूही असतो आणि तो कुंडीत लावता येतो. अलीकडे शहरांतील गच्च्यांवर व बागांत ही वनस्पती हौसेने लावली जाते. ती लावण्यापूर्वी तिचा स्वभाव जाणून घेणे का आवश्यक आहे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• बेट करणारा बांबू आणि पसरणारा बांबू यांतील फरक सांगू शकाल;
• पानांवरील पांढऱ्या पट्ट्यांचे कारण स्पष्ट करू शकाल;
• ठेंगणा बांबू कुंडीत व जमिनीत लावण्याची रीत क्रमाने लिहू शकाल;
• पाठातील अनेकार्थी शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

बांबू उंच आणि टणक असल्यामुळे त्याला झाड समजण्याची चूक सहज होते. वास्तविक बांबू हे गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस आणि अंगणातील हरळी ही सारी त्याची भावंडे होत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना ‘झाड’ या संज्ञेत केलेली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. आपल्या कुंडीतील बांबूशी त्या कायद्याचा संबंध नाही, पण बांबू गवत आहे ही गोष्ट मात्र बाग करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. पुढे जे काही सांगायचे आहे ते तिच्यातूनच निघते.

ज्या बांबूचा येथे विचार करावयाचा आहे तो मूळचा जपानचा. त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लायोब्लास्टस फॉर्च्युनी’. नावाचा उत्तरार्ध रॉबर्ट फॉर्च्युन (१८१२–१८८०) या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाच्या स्मरणार्थ आहे. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत पाठविणारे ते हेच फॉर्च्युन. जपानी भाषेत या बांबूला ‘चिगोझासा’ म्हणतात. ‘चिगो’ म्हणजे बालक आणि ‘सासा’ म्हणजे लहान चणीचा बांबू. हे नाव त्याला शोभून दिसते, कारण त्याची उंची साधारणपणे साठ सेंटिमीटर ते एक मीटर एवढीच भरते. काठ्या बोरूसारख्या बारीक असतात. पाने निमुळती, हिरवी आणि त्यांवर लांबीच्या दिशेने पांढरे किंवा सायीच्या रंगाचे पट्टे असतात. त्याचाच एक भाऊबंद ‘प्लायोब्लास्टस विरिडिस्ट्रिएटस’ होय. त्याची पाने सोनेरी पिवळी असून त्यांवर हिरवे पट्टे असतात.

या पट्ट्यांनी डोळे सुखावतात. पण ते कशामुळे उमटतात? पानाच्या हिरव्या भागात हरितद्रव्य असते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तेथे वनस्पतीचे अन्न तयार होते. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणून तेथे अन्न तयार होत नाही. पानाचा हिरवा भाग पांढऱ्या भागाचेही पोट भरतो. म्हणूनच पट्टेरी रोपाला संपूर्ण हिरव्या रोपापेक्षा अधिक जपावे लागते. भर उन्हात पांढरा भाग प्रथम करपतो. अगदी काळोख्या कोपऱ्यात ठेवल्यास पट्टे फिके पडतात. कधीकधी बेटकुळीतून एखादा संपूर्ण हिरवा कोंब उगवतो. तो अधिक अन्न तयार करतो, म्हणून अधिक जोमाने वाढतो आणि पाहता पाहता पट्टेरी कोंबांना मागे सारतो. असा कोंब दिसताच तो भूमिगत खोडासह काढून टाकावा.

आता या बांबूच्या खऱ्या स्वभावाकडे वळू. जमिनीखाली बांबूला आले किंवा हळद यांच्याप्रमाणे आडवे खोड असते. त्याला मूलक्षोड म्हणतात. माणगा, मेस, कळक या आपल्याकडील बांबूंचे मूलक्षोड आखूड असते आणि नवा कोंब जुन्या काठीला लगटूनच वर येतो. त्यामुळे काठ्यांचा घट्ट समूह तयार होतो. मराठीत त्याला ‘बांबूचे बेट’ म्हणतात. पाण्यात बेट जसे आपल्या जागी असते, तसा हा समूह वर्षानुवर्षे एका जागी उभा राहतो. हा शब्द आपल्या मातीतील अनुभवातून घडला आहे.

ठेंगण्या जपानी बांबूला मात्र हा शब्द लागू पडत नाही. त्याचे मूलक्षोड लांब व सडपातळ असते. ते हरळीच्या मुळीप्रमाणे मातीखालून आडवे धावते आणि प्रत्येक गाठीपाशी त्याला नवे मूळ व नवा कोंब फुटू शकतो. वर रोप गुडघ्याएवढे दिसते, तेव्हा खाली ते वाफ्याची सीमा ओलांडून गेलेले असते. काही वर्षांनी शेवंतीच्या वाफ्यात, फरश्यांच्या फटींत आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या अंगणातही त्याचे कोंब दिसू लागतात. वरून कापल्याने ते थांबत नाहीत. मूलक्षोडाचा तुकडा मातीत उरला तरी तो पुन्हा फुटतो. ज्याने हौसेने रोप लावले त्याची हौस अशा वेळी दुसऱ्याच्या डोक्याला ताप होते. रोपाची उंची पाहून त्याला निरुपद्रवी ठरविणे म्हणूनच योग्य नव्हे.

यावर सोपा उपाय कुंडीचा. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला अधिक असावी. तीस ते चाळीस सेंटिमीटर व्यासाची पुरते. तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असावीत. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण भरावे. कुंडी थेट मातीवर ठेवू नये. विटांवर किंवा फरशीवर ठेवावी. अन्यथा तळाच्या छिद्रातून मूलक्षोड हळूच जमिनीत उतरते.

जमिनीतच लावायचे असेल, तर वाफ्याभोवती अर्धा मीटर खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा पत्रा किंवा सलग काँक्रीटची भिंत घालावी. हा अडसर जमिनीच्या वर चार-पाच बोटे ठेवावा, म्हणजे वरून ओलांडणारे मूलक्षोड नजरेस पडते आणि वेळीच छाटता येते. वर्षातून दोनदा तरी ही पाहणी करावी.

हे रोप थंड प्रदेशातील असल्यामुळे दार्जिलिंग किंवा शिलाँगसारख्या ठिकाणी ते सुखाने वाढते. दिल्ली किंवा नागपूर येथील उन्हाळ्यात मात्र त्याला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली द्यावी; तप्त वाऱ्यापासून आडोसा करावा. कुंडीतील माती लवकर सुकते. तहानलेल्या बांबूची पाने लांबीच्या दिशेने सुरळीसारखी वळतात. ही खूण ओळखून भरपूर पाणी द्यावे, परंतु कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण त्याने मुळे कुजतात. गळालेली पाने कुंडीतच पसरून ठेवावीत. ओलावा टिकतो आणि कुजल्यावर त्यांचे खत होते.

हिवाळा सरताना, नवे कोंब येण्यापूर्वी, निकोप रोपाच्या जुन्या काठ्या जमिनीलगत कापाव्यात. नव्या पालवीवर पट्टे अधिक ठसठशीत उमटतात. दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरते. पावसाळ्याच्या आरंभी रोप बाहेर काढून धारदार चाकूने त्याचे दोन-तीन भाग करावेत. प्रत्येक भागाला काठ्या, मुळे आणि मूलक्षोडाचे डोळे असावेत. या बांबूला फुलोरा क्वचितच येत असल्याने नवी रोपे अशीच करतात. रोपवाटिकेचा लहानसा व्यवसाय करणाऱ्यालाही ही रीत उपयोगी आहे. मात्र असे रोप कोणाला देताना किंवा विकताना ‘हा पसरणारा बांबू आहे’ हे सांगितलेच पाहिजे. घेणारा फक्त पाने पाहतो. मातीखाली काय चालते ते देणाऱ्यालाच ठाऊक असते.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) बांबू ही ________ कुळातील वनस्पती आहे.
(आ) पानाच्या पांढऱ्या पट्ट्यात ________ नसते.
(इ) बांबूच्या भूमिगत आडव्या खोडाला ________ म्हणतात.

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) बांबूला पाण्याची गरज आहे हे कशावरून ओळखावे?
(आ) कुंडी थेट मातीवर का ठेवू नये?

शब्दार्थ

बोरू – लेखणीसाठी वापरली जाणारी बारीक वेताची काडी
बेटकुळी – (येथे) काठ्यांचा लहान झुपका
पोयटा – नदीकाठची सुपीक, गाळाची माती
लगटून – अगदी चिकटून
अडसर – अडथळा
निकोप – निरोगी

भाषाभ्यास

‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पाण्याने वेढलेली भूमी आणि बांबूंचा समूह. ‘वंश’ या संस्कृत शब्दाचेही ‘बांबू’ व ‘कुळ’ असे दोन अर्थ होतात. अशा शब्दांना अनेकार्थी शब्द म्हणतात. ‘बेट’, ‘वंश’, ‘डोळा’ आणि ‘पान’ हे शब्द प्रत्येकी दोन अर्थांनी वाक्यांत योजा.

स्वाध्याय

१. ‘बांबूचे बेट’ हा शब्दप्रयोग ठेंगण्या जपानी बांबूला का लागू पडत नाही, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. संपूर्ण हिरवा कोंब काढून टाकणे का आवश्यक असते?
३. तुमच्या शेजाऱ्यांनी हा बांबू कुंपणालगत जमिनीत लावण्याचे ठरविले आहे. त्यांना घ्यावयाची काळजी समजावून सांगणारे नम्र पत्र दहा ते बारा ओळींत लिहा.