मानधन कोणाला मिळते?

'शाहीर' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीतला 'शाइर' उर्दूत आला, तसा मराठीतही आला. शाहीर डफावर पोवाडा गातो, लोक टाळ्या वाजवतात. पण म्हातारपणी आवाज बसला, की त्याचे घर कसे चालणार?

अशा कलावंतांसाठी आणि लेखकांसाठी १९५४-५५ पासून सरकारची मानधन योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मानधन ठरले आहे. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा. वय ५० वर्षांहून कमी नसावे. दिव्यांगांना ४० वर्षे पुरतात. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असावे. कलावंत वारला, तर त्याच्या पत्नीला मानधन मिळते.

आणखी एक अट आहे, आणि तीच कठीण! कलेची सेवा किमान १५ वर्षे केलेली असावी. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक करणाऱ्या नटाजवळ छापील जाहिरात असते. पण गावोगावच्या जत्रांत गाणाऱ्याने कागद कोठून आणावा? तुमच्या शेजारी असे कोणी आजोबा असतील, तर त्यांची जुनी पत्रके आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे शोधून द्या. मराठी अर्ज त्यांना वाचून दाखवा.

तुम्ही स्वतः गाता का? दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १० ते १४ वर्षांच्या मुलामुलींना कलेसाठी शिष्यवृत्ती देते. परंपरेने कला जपणाऱ्या घरांतील मुलांसाठी तिच्यात काही जागा राखून ठेवतात.