पेनिसिलिनची ॲलर्जी रक्त तपासून कळते का?

प्रश्न : लहानपणी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं होतं. आता अक्कलदाढ काढायची आहे. रक्त तपासून ॲलर्जीचा निकाल लागेल का?

उत्तर : निकाल नाही, फार तर अंदाज. रक्तातल्या विशिष्ट ‘आयजीई’ प्रतिपिंडांची ही चाचणी मोजक्याच अँटिबायोटिक्ससाठी उपलब्ध आहे. ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे ॲलर्जी नाही, असं नव्हे. वर्षं सरतात तशी ही प्रतिपिंडं घटतात आणि उशिरा उठणारं पुरळ तर या चाचणीत दिसतच नाही. खरी परीक्षा त्वचाचाचणीची आणि रुग्णालयात देखरेखीखाली दिलेल्या डोसाची. तीत पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ जणांना ती नसतेच! दंतवैद्यांना पुरळाचं जरूर सांगा; घरी गोळी घेऊन मात्र पाहू नका.