मुलांच्या यकृताचे काठिण्य : बोटांची पारख आणि ध्वनितरंगांचे मापन

यकृत हा शरीरातील सर्वांत मोठा अंतःस्थ अवयव होय. निरोगी बालकाचे यकृत मऊ व लवचिक असते. विषाणू, पित्तप्रवाहातील अडथळा, तांब्याचा किंवा चरबीचा संचय अशा कारणांनी त्याला दीर्घकाळ इजा होत राहिली, की भरून आलेल्या जखमेवर व्रण उमटावा त्याप्रमाणे तेथे तंतूंचे जाळे निर्माण होऊ लागते. या अवस्थेस तंतुमयता म्हणतात. तिचा अंतिम टप्पा म्हणजे सिरोसिस. ही प्रक्रिया बहुधा मुकाट्याने चालते. मूल खेळते, शाळेत जाते, आणि पोटात पाणी साठणे किंवा रक्ताची उलटी होणे अशी लक्षणे प्रकट होतात तेव्हा पुष्कळ हानी होऊन गेलेली असते. म्हणून बालकास इजा न करता, आणि आवश्यक तितक्या वेळा, यकृताचे काठिण्य कसे जाणावे, हा बालरोगशास्त्रापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर ध्वनितरंगांनी दिले आहे. त्याची ओळख सुबुद्ध वाचकांस करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बोटांची पारख

आंबा पिकला की नाही हे आपण हलकेच दाबून ओळखतो. वैद्यकानेही शतकानुशतके हाच मार्ग अनुसरला. महाराष्ट्रातील जुन्या बालरोगतज्ज्ञांना याचा फार दुःखद अनुभव आहे. एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांना ग्रासणारा ‘भारतीय बालसिरोसिस’ हा विकार एके काळी आपल्याकडे सर्रास आढळत असे. पोट चाचपताना बरगडीखाली कठीण, धारदार कडेचे यकृत बोटांना लागले, की अनुभवी डॉक्टरांना निदानाची कल्पना येई. पण तोवर उपचारांची वेळ बहुधा टळलेली असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विकाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या व ठेवलेल्या दुधाशी असावा, असे दाखवून दिले. तान्ह्या बाळाला लवकर वरचे दूध सुरू होई व त्या दुधावाटे तांबे यकृतात साठत जाई. भांडी बदलली, स्तनपानाचा आग्रह वाढला आणि हा विकार झपाट्याने ओसरला.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, कारण वेळीच सापडले तर यकृत वाचते. दुसरी, बोटांना जाणवणारे काठिण्य हे उशिरा जाणवणारे काठिण्य असते.

सुईची तपासणी

तंतुमयता नेमकी किती, हे ठरविण्याची प्रस्थापित पद्धत म्हणजे बायोप्सी. सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. निदानासाठी तिचे स्थान आजही अढळ आहे. तथापि तिला मर्यादा आहेत. लहान मुलांना त्यासाठी गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते, वेदना होतात, क्वचित रक्तस्रावही होतो. शिवाय तो तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारांश एवढाच असतो. विकार सर्वत्र सारखा पसरलेला नसल्यास तो दिशाभूल करू शकतो. आणि वर्षानुवर्षे देखरेखीखाली असलेल्या बालकाला दर सहा महिन्यांनी सुई टोचणे कोणत्याही पालकास वा डॉक्टरास मान्य होणार नाही.

ध्वनितरंगांचे तत्त्व

वाळत घालण्याच्या दोरीला एका टोकाशी झटका दिला, तर लाट दुसऱ्या टोकाकडे धावते. दोरी सैल असेल तर लाट संथ जाते, ताणलेली असेल तर वेगाने. यकृताचेही तसेच आहे. त्वचेवर हलका ठोका दिला, की यकृतात एक आडवी थरथर पसरते आणि ऊती जितक्या कठीण, तितका तिचा वेग अधिक असतो. नेहमीच्या सोनोग्राफीचे तरंग शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात. ही थरथर मात्र सेकंदाला अवघी एक-दोन मीटर चालते. म्हणूनच सोनोग्राफीच्या द्रुत तरंगांना तिचा पाठलाग करून वेग मोजणे शक्य होते. त्या वेगावरून काठिण्य किलोपास्कल या एककात काढतात. वेग सेकंदाला १.३ मीटर असल्यास काठिण्य सुमारे ५ किलोपास्कल येते, तर २ मीटर असल्यास १२. म्हणजे वेग दीडपट झाला तरी काठिण्य दुपटीहून अधिक वाढते.

या तत्त्वावरील ‘फायब्रोस्कॅन’ हे यंत्र फ्रान्समध्ये विकसित झाले व २००३ पासून वापरात आले. पुढे, ठोका न देता ध्वनितरंगांच्याच दाबाने थरथर निर्माण करणारी सोय सोनोग्राफी यंत्रांतही उपलब्ध झाली. तीत यकृताचे चित्र पाहत हवी ती जागा निवडता येते.

बालकाची तपासणी

मुलाला उताणे निजवून उजवा हात डोक्याखाली घेण्यास सांगतात व उजवीकडील दोन बरगड्यांमध्ये प्रोब टेकवतात. मुलांच्या शरीराला साजेसे लहान प्रोब असतात; फायब्रोस्कॅनमध्ये छातीचा घेर ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास सर्वांत लहान, तर ४५ ते ७५ असल्यास त्याहून मोठा प्रोब वापरतात. दहा योग्य नोंदी घेऊन त्यांचा मध्यक ग्राह्य धरतात. नोंदींमधील तफावत मध्यकाच्या ३० टक्क्यांहून अधिक असेल, तर तो निष्कर्ष भरवशाचा मानत नाहीत. तपासणी काही मिनिटांत होते. वेदना नाहीत, क्ष-किरण नाहीत. मोठ्या मुलांनी आधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृताचा रक्तपुरवठा वाढून आकडा फुगतो. तान्ह्या बाळाला इतका वेळ उपाशी ठेवता येत नाही; त्याच्यासाठी पुढच्या दुधाच्या थोडी आधीची वेळ साधावी. रडणाऱ्या बाळाची नोंद घेण्याची घाई करू नये. आईच्या कुशीत ते शांत झाल्यावर घेतलेली नोंदच खरी.

आकडा वाचताना

निरोगी मुलांमध्ये फायब्रोस्कॅनचा आकडा साधारणतः ४ ते ५ किलोपास्कल असतो व वयानुसार किंचित वाढतो. परंतु वाढलेला आकडा म्हणजे सिरोसिस नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अशी कल्पना करावी, की दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘हिपॅटायटिस ए’ने आठ वर्षांचे मूल पिवळे झाले आहे आणि ऐन काविळीत त्याचा आकडा १२ आला. हा अहवाल हाती पडताच आईवडिलांच्या पायांखालची जमीन सरकेल. वास्तविक ही सूज आहे, व्रण नव्हे; कावीळ उतरली की आकडाही उतरतो. हृदयविकारामुळे यकृतात रक्त तुंबले किंवा पित्त अडले, तरीही असेच घडते. उलट पोटात पाणी असल्यास फायब्रोस्कॅनची थरथर यकृतापर्यंत पोहोचतच नाही, कारण ती द्रवातून जात नाही. तसेच एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी जुळविणेही योग्य नव्हे.

म्हणून एकट्या आकड्याला फारसे मोल नाही. त्याच बालकाच्या, त्याच यंत्रावर, तशाच स्थितीत घेतलेल्या आकड्यांच्या मालिकेला आहे. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बालकांवर जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करतात. ती यशस्वी झाली तरी पुढे तंतुमयता वाढू शकते व अनेकांना यकृत प्रत्यारोपण लागते. काठिण्य स्थिर आहे की चढते आहे हे कळल्यास प्रत्यारोपणाची तयारी वेळेवर करता येते. विल्सन विकार, हिपॅटायटिस बी, तसेच स्थूलतेमुळे यकृतात चरबी साठलेली मुले यांच्या देखरेखीतही या तपासणीचा उपयोग होतो.

पालकांसाठी दोन शब्द

कोणतेही यंत्र घरातील जागरूक नजरेची जागा घेऊ शकत नाही. बाळाची कावीळ जन्मानंतर दोन आठवड्यांहून अधिक टिकली, शी पांढरट किंवा मातकट होऊ लागली, लघवीचे डाग पिवळे पडू लागले, तर ‘उन्हात धरा, उतरेल’ या सल्ल्यावर विसंबून राहू नये. कासाई शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. तो काळ एकदा गेला, की काठिण्य कितीही अचूक मोजले तरी गेलेले दिवस परत आणता येत नाहीत. ज्यांची मुले यकृतविकारासाठी उपचार घेत आहेत, त्यांनी काठिण्याचे सर्व जुने अहवाल तारखेनिशी जपून ठेवावेत व प्रत्येक भेटीत सोबत आणावेत.