बुरशीतले औषध, मातीतले औषध

शिळ्या भाकरीवर दोनचार दिवसांनी हिरवट लव येते. तिला आपण बुरशी म्हणतो. घरची बाई ती भाकरी उकिरड्यावर टाकते, आणि ते बरोबरच आहे. पण मंडळी, ह्याच बुरशीच्या एका भाऊबंदाने जगातल्या कोट्यवधी माणसांचे प्राण वाचवले आहेत. ते कसे, हे आज आपण वाचू.

झाडपाल्यात गुण असतो, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. दक्षिण अमेरिकेत सिंकोना नावाचे झाड आहे. त्याची साल हिवतापावर चाले. १८२० साली फ्रान्समधल्या दोघा शास्त्रज्ञांनी त्या सालीतला गुणाचा अंश निराळा काढला. तेच क्विनीन, म्हणजे आपले कडू कोयनेल. झाडात असा गुण आहे, तसा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांतही आहे.

फ्लेमिंगची काचेची बशी

१९२८ सालची गोष्ट. लंडनच्या एका इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे डॉक्टर होते. गळू आणि पू आणणारे जिवाणू ते काचेच्या बशांत वाढवीत. ते सुटीवरून परत आले, तो एका बशीत बुरशी लागलेली. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी नीट पाहिले. बुरशीच्या भोवती जागा स्वच्छ होती. तिथले जिवाणू मेले होते. बुरशीतून काही रस पाझरत होता आणि तो जिवाणूंना मारीत होता. त्या बुरशीचे नाव पेनिसिलियम. म्हणून रसाला नाव दिले पेनिसिलिन.

तो रस शुद्ध करणे फार अवघड होते. पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी ते काम हाती घेतले. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना जिवावरचे जिवाणू टोचले. चार उंदरांना पेनिसिलिन दिले, चारांना दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न दिलेले चारही उंदीर मेलेले होते. औषध दिलेले चारही जिवंत होते.

१९४१ साली एका पोलीस शिपायाला हे औषध दिले. त्याचे तोंड आणि डोळे पुवाने भरले होते. चारपाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. पण तेवढ्यात औषध संपले! त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले औषधसुद्धा परत काढून त्याला दिले, तेही पुरले नाही. दुखणे उलटले आणि शिपाई गेला. औषध गुणाचे होते, पण पुरते मिळाले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध काम कसे करते?

जिवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. जिवाणू वाढतो तशी त्याला ती भिंत नवी बांधावी लागते. पेनिसिलिन त्याच्या गवंड्याचे हातच धरून ठेवते. भिंत अर्धी राहते, जिवाणू फुटतो आणि मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते. म्हणून रोग मरतो आणि रोगी वाचतो. मात्र काही लोकांच्या अंगाला हे औषध सोसत नाही. कधी अंगावर चट्टे उठले असतील, दम लागला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला भिंत नसते. म्हणून सर्दीवर पेनिसिलिन घेणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या पावसाचा वास

मृगाची पहिली सर आली, की मातीला वास सुटतो. शेतकऱ्याचे मन त्याने भरून येते. हा वास येतो कुठून? मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे बारीक जीव राहतात. त्या वासातला मोठा वाटा त्यांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा आहे.

ह्याच जीवांपासून १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन आणि त्यांचा विद्यार्थी शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन काढले. क्षयावर पेनिसिलिनचा उपयोग होत नव्हता. स्ट्रेप्टोमायसिनचा झाला. क्षयाच्या जिवाणूला मारणारे असे औषध तेव्हा पहिल्यांदा हाती आले.

आपल्या पुण्याजवळ पिंपरीला भारत सरकारने १९५४ साली अशा औषधांचा कारखाना काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली. पुढे १९६१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून बुरशीच्या रोगांवर एक औषध काढले, हॅमायसिन. त्या जिवाणूला नाव दिले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचे नाव असे शास्त्राच्या पोथीत गेले!

अर्धे औषध, दुप्पट दुखणे

आमच्या ओळखीचा एक तरुण शेतकरी होता. आमचाच विद्यार्थी. त्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग धरले. त्याने गोळ्या बंद केल्या. आम्ही विचारले, तर म्हणाला, “गुरुजी, आता बरं वाटतंय की! कशाला उगाच गोळ्या खायच्या?” आम्हीही गप्प बसलो. ती आमची चूक झाली.

वर्षाच्या आत खोकल्यातून रक्त पडू लागले. आता जुन्या गोळ्या लागू पडेनात. दुसरी कडक औषधे दीड वर्ष घ्यावी लागली. औषध फुकट होते, पण मजुरी बुडाली, एक बैल विकावा लागला. तो वाचला, हे नशीब.

असे का झाले? शेतात तण काढताना वरवरचे उपटले आणि चिवट मुळे ठेवली, तर पुढे चिवट तणच माजते. जिवाणूंचेही तसेच आहे. पहिल्या दिवसांत दुबळे मरतात, चिवट मागे राहतात. औषध मध्येच सोडले, की चिवटांचाच वंश वाढतो. घरातल्या माणसाला लागण झाली, तर तीही त्या चिवट जिवाणूंचीच होते. हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच सांगून ठेवला होता. म्हणून साध्या क्षयाला एक नव्हे, अनेक औषधे एकदम देतात आणि ती निदान सहा महिने घ्यायची असतात. शिपायाला औषध मिळाले नाही म्हणून तो गेला. आपल्याला मिळते, तर ते सोडायचे का?

सगळी बुरशी औषध नव्हे

कोणी म्हणेल, मग बुरशीची भाकरीच खावी. तसे मुळीच करू नका. ओलसर मका आणि भुईमूग यांवर एक निराळी बुरशी वाढते. तिचे विष काळजावर, म्हणजे यकृतावर जाते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या गावांत असा मका खाऊन शंभराहून जास्त माणसे मेली. ते विष भाजून किंवा शिजवून पुरते जात नाही. धान्य कडक उन्हात वाळवूनच कणगीत भरावे. बुरशी लागलेले दाणे माणसाला देऊ नयेत आणि जनावरालाही देऊ नयेत.

शब्दांचे अर्थ
जिवाणू – डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव.
विषाणू – जिवाणूहूनही बारीक. सर्दी, गोवर आणणारा.
क्षय – टी.बी.

उत्तरे द्या
१. फ्लेमिंग यांना बशीत काय दिसले?
२. पेनिसिलिन जिवाणूला कसे मारते?
३. बरे वाटले तरी औषध पुरे का घ्यावे?
४. तुमच्या घरी कोणी औषध मध्येच सोडले आहे का? आज घरी जाऊन विचारा. सोडले असेल, तर उद्याच त्यांना दवाखान्यात घेऊन जा.