हद्दीचा बांध व पाण्याचा बांध

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आमच्या हातांखालून जीं प्रकरणें गेलीं, त्यांत बांधाच्या तंट्यांचीं प्रकरणें पुष्कळ होतीं. कोणीं बांध कोरला, कोणीं हद्दीचा दगड सरकविला, कोणीं वरचें पाणी खालच्याच्या पिकांत सोडलें, अशा त्या तक्रारी. दोन तासांच्या रुंदीसाठीं भाऊ भावाशीं वर्षानुवर्षें बोलत नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु शेतांत बांध मुळीं कशासाठीं असावा, हा प्रश्न त्या कागदांत कोणीं विचारलेला आढळला नाहीं. आम्हींही तो फार उशिरां विचारला. थोड्या जमिनीच्या खातेदारांपुढें तो मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वांटणीचा विचार करूं. वडिलार्जित आठ एकर चौघां भावांत वांटावयाचे असल्यास प्रत्येकास वरच्या मुरमाड व खालच्या काळ्या जमिनीचा सारखा अंश मिळावा, म्हणून वांटे बहुधा उताराच्या दिशेनें उभे पाडतात. हा न्याय योग्यच आहे. परंतु अशा लांब व अरुंद पट्टींत नांगर किंवा ट्रॅक्टर आडवा चालविल्यास वळणें फार पडतात. म्हणून नांगरट, कुळवणी व पेरणी हीं सर्व उतारावरून उभींच होतात, आणि प्रत्येक तास म्हणजे पाण्याची पन्हळ बनते. कागदावर न्याय होतो, पण शेतांतून माती जाते.

ही हानि किती, याचा हिशेब सोपा आहे. एका एकरावरील मातीचा केवळ १ मिलिमीटर थर वाहून गेला, तरी ती सुमारें ४ घनमीटर, म्हणजे वजनानें ५ टनांच्या आसपास भरते. डोळ्यांस तें कळतही नाहीं. शिवाय प्रथम जातात ते बारीक व कसदार कण, आणि त्यांच्याबरोबर विकत घेतलेलें खत. उलट १ सेंटिमीटर पाऊस जागच्या जागीं मुरविला, तर एकरास सुमारें ४०,००० लिटर पाणी फुकट मिळतें.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. पुण्याजवळ मांजरी येथें १९२३ सालीं व सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून पुढें आलेल्या पद्धतींत बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी व वेळोवेळीं कोळपणी हीं मुख्य अंगें होतीं. १९४२ सालीं मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणा योजनांचा कायदाही झाला.

असें असूनही आम्हीं स्वतः काय केलें, तें सांगणें प्राप्त आहे. निवृत्त झाल्यावर आमच्या अडीच एकरांतील वडिलांनीं घातलेले दोन आडवे बांध आम्हीं ट्रॅक्टरवाल्यास सांगून मोडविले. दोन गुंठे जमीन वाढली, याचा आनंद झाला. तिसऱ्या वर्षीं मृगाच्या एकाच जोरदार पावसानें खालच्या अंगास गुडघाभर घळ पडली आणि पाणी शेजारच्या पट्टींत घुसून थोरल्या चुलत बंधूंची पेरणी घेऊन गेलें. हद्दीवरून आमचें बोलणें सात वर्षें बंद होतें. ते कचेरींत जातील असें आम्हांस वाटलें, पण ते बांधावर आले आणि म्हणाले, “दोन गुंठे मिळविलेस, पण गेलेली माती कोणत्या सात-बाऱ्यावर लावणार?” यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच उन्हाळ्यांत दोन्ही पट्ट्यांतून सलग आडवे बांध घालण्याचें ठरलें.

समपातळीची रेषा काढण्यास फार खर्च नाहीं. सात सात फुटांचे दोन बांबू माथ्याशीं बांधून पाय फांकवावे, मध्यें आडवी काठी बांधावी व माथ्यापासून दगडाचा ओळंबा सोडावा. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी काठीस जेथें लागेल तेथें खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोहोंचा मध्य हीच समपातळीची खूण. ओळंबा तिच्यावर येईल असा पुढचा पाय टेकीत शेतांत आडवें जावें व दर टप्प्यास खुंटी ठोकावी. ओळ थोडी वांकडी येईल. ती सौम्य वळणांत बसवून घ्यावी.

या रेषेवर बांध घालतांना माती वरच्या अंगाची घ्यावी व थराथरानें चोपावी. जादा पाण्यासाठीं दगडी सांडवा अवश्य ठेवावा, कारण सांडवा नसलेला बांध फुटतो व अधिकच नुकसान करितो. बांधावर मारवेल किंवा पवना गवत लावावें; माती धरली जाते आणि वैरणही होते. खोल काळ्या जमिनींत मात्र समपातळीचे बांध घालूं नयेत. ती जमीन भेगाळते व बांध खचतो, किंवा पाणी सांचून पीक पिवळें पडतें. तेथें किंचित् ढाळ दिलेले बांध घालावे, आणि रब्बी ज्वारीसाठीं पावसाळ्यांत लहान बंदिस्त वाफे पाडावे.

बांध घातल्यावर मशागत व पेरणी त्याला समांतर करावी. दोघां-तिघांनीं एकाच दिवशीं एकच औत किंवा ट्रॅक्टर सर्व पट्ट्यांतून आडवा फिरविल्यास वळणांचा त्रास राहत नाहीं. आडव्या बांधामुळें कोणाची मालकी बदलत नाहीं. हद्दीचे दगड जागींच असूं द्यावे. मात्र सांडव्याचें पाणी कोठें काढावयाचें व दुरुस्ती कोणीं करावयाची, हें आधींच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. पाण्याची वाट अडविल्याच्या तंट्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें दाद मागतां येते खरी, परंतु निकाल हातीं येईपर्यंत पावसाळा कोणासाठीं थांबत नाहीं.

आमची घळ आतां गाळानें बरीच भरत आली आहे आणि बंधूंचें येणेंजाणें सुरू झालें आहे. वाचक शेतकरी बंधूंनीं येत्या पहिल्या पावसांत छत्री घेऊन स्वतःच्या शेतांत अर्धा तास उभें राहावें व पाणी कोठून येतें आणि कोठें जातें, तें पाहावें. नंतर शेजाऱ्यासही तेथें बोलवावें, अशी आमची विनंती आहे.